बारीक शीळ ऐकू येईनाशी होते तेव्हा: वय आणि उंच पट्टीचे इलेक्ट्रॉनिक आवाज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चार्जरमधून शीळ येते असे मुले म्हणतात. मला काहीच ऐकू येत नाही. खरे कोण?

बहुधा मुलेच. शीळ 15-16 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 15-16 हजार कंपनांच्या) आसपास असेल तर दहा वर्षांच्या मुलाला ती टोचेल इतकी स्पष्ट असते आणि पन्नाशीच्या माणसासाठी ती खोलीत नसतेच. कान मुद्दाम देऊन ऐकले तरी उपयोग नाही, कारण ती जाणणाऱ्या पेशीच आता शिल्लक नसतात किंवा थकलेल्या असतात. शंका फेडायची असेल तर फोनवर आवाजाचा आलेख काढणारे स्पेक्ट्रम अॅनालायझर अॅप घ्या, माइक चार्जरपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा आणि चार्जर चालू-बंद करा. त्याबरोबर एखादा उभा सुळका उगवत-मावळत असेल तर मूल खरे बोलत आहे. "तुला भास होतोय" हे उत्तर तेवढे देऊ नका.

उंच पट्टीचे आवाज म्हणजे नेमके किती हर्ट्झचे?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात.

पहिली गोष्ट शीळ. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची, चार्जरची, काही एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरची (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटची). ही साधारण 10 ते 20 किलोहर्ट्झमध्ये असते. ती कुणी मुद्दाम वाजवत नाही, सर्किटमधले भाग थरथरतात म्हणून ती होते. ती ऐकू येईनाशी झाली तर व्यवहारात जवळजवळ काहीच बिघडत नाही.

दुसरी गोष्ट बीप. थर्मामीटर, मायक्रोवेव्ह, मनगटी घड्याळ, धुराचा अलार्म यांची. ही बहुधा 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असते आणि तुम्ही ऐकावी म्हणूनच बसवलेली असते. ती हरवायला लागली तर मात्र लक्ष द्यायला हवे, कारण बोलण्यातली व्यंजनेही याच भागात आणि याच्या थोडी वर असतात.

या पानावरची निम्मी उत्तरे या एका फरकावरच उभी आहेत. शीळ गेली का बीप गेली, एवढे आधी ठरवा.

कोणत्या वयाला कुठपर्यंत ऐकू यावे?

पुस्तकात माणसाची श्रवणकक्षा 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ अशी छापलेली असते. वरचे टोक लहान मुलांचे आहे. विशीत बहुतेकांची मजल 16-17 किलोहर्ट्झपर्यंत असते, चाळिशीत 14-15, पन्नाशीत 12-13, साठीनंतर 10-11 किंवा त्याहून खाली. हे आकडे ढोबळ समजा. दोन निरोगी समवयस्कांमध्ये दोनेक किलोहर्ट्झचा फरक सहज असतो, आणि सरासरीने पुरुषांची उतरण स्त्रियांपेक्षा लवकर सुरू होते.

शिवाय "ऐकू येते" आणि "ऐकू येत नाही" यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. 16 किलोहर्ट्झचा स्वर कानावर पडायला धडधाकट तरुणालासुद्धा सुमारे 40 डेसिबल लागतात. 1 किलोहर्ट्झला तेच काम दोन-तीन डेसिबलमध्ये होते. वय वाढते तसा हा उतार खालच्या वारंवारतांकडे सरकतो.

सर्वांत वरचेच आवाज आधी का जातात?

आतल्या कानात कॉक्लिया नावाची वेटोळी नळी असते, गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची. उलगडली तर लांबी साधारण 35 मिलीमीटर. तिच्यातला पडदा दाराशी अरुंद आणि ताठ असतो, शेवटाकडे रुंद आणि लवचिक. त्यामुळे प्रत्येक वारंवारतेची थरथर ठरलेल्या जागीच सर्वाधिक होते: उंच आवाज दाराशी, खर्जातले शेवटच्या वेढ्यात. ध्वनिलहर या पडद्यावरून कशी सरकते हे दाखवणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल मिळाले.

10 किलोहर्ट्झच्या वरचे सगळे काम पहिल्या पाचेक मिलीमीटरमध्ये चालते. 15 च्या वरचे तर जेमतेम दोन-अडीच मिलीमीटरमध्ये. त्या जागेवरच्या बाह्य केसपेशी (केसांसारखे तंतू असलेल्या, थरथर टिपणाऱ्या पेशी) सगळ्यांत नाजूक. त्या नुसत्या ऐकत नाहीत, स्वतः आखडून-पसरून हलका आवाज आतल्या आत वाढवतात. या कामाला ऊर्जा खूप लागते, त्यातून ऑक्सिजनचे मारक उपपदार्थ तयार होतात, आणि त्यांना निष्प्रभ करणारा साठा दाराजवळच्या पेशींकडे कमी असतो. प्रत्येक कानात बाह्य केसपेशी सुमारे 12,000 आणि आतील केसपेशी सुमारे 3,500, एवढीच जन्माची शिदोरी. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात नाही.

प्रत्येक आवाज आत जाताना दारावरूनच जातो म्हणून दारातल्या गालिच्यासारखा तो भाग आधी झिजतो, असे स्पष्टीकरणही ऐकायला मिळते. पटकन पटते, पण गालिच्याच्या उपमेने सगळे उलगडत नाही. रक्तपुरवठा, पेशींना विद्युत्दाब पुरवणारा बाजूचा थर आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो.

माझी मजल 10 किलोहर्ट्झवर आली. म्हणजे निम्मे ऐकणे गेले?

नाही. कान हर्ट्झ मोजत नाही, सप्तके मोजतो. 20 हर्ट्झपासून 20 किलोहर्ट्झपर्यंत दुप्पट-दुप्पट करत गेलात तर सुमारे दहा सप्तके होतात. 10 ते 20 किलोहर्ट्झ हे त्यातले फक्त शेवटचे एक, आणि त्यात कुणी गात नाही. पियानोची सर्वांत उजवीकडची पट्टी 4,186 हर्ट्झची असते. त्यावर जे उरते ते स्वरांचे उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर), झांजांची झळाळी, श्वासाची फुंकर. एफएम रेडिओ 15 किलोहर्ट्झच्या वरचे मुळातच पाठवत नाही. जुन्या लँडलाइनवर तर फक्त 300 ते 3,400 हर्ट्झ जात असे, तरीही पिढ्यान्पिढ्या लोकांनी फोनवर भांडणे केली आणि लग्नेही जमवली.

लहानपणी टीव्ही चालू आहे हे बाहेरूनच कळायचे. तो आवाज कसला होता?

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ काढत जातो. पाल (PAL) या प्रक्षेपण पद्धतीत एका चित्रात 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रे, म्हणजे 15,625 हर्ट्झ. एनटीएससी (NTSC) या दुसऱ्या पद्धतीत 15,734. या वेगाने लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरला (दुरुस्तीवाले त्याला एलओटी किंवा ईएचटी म्हणतात) आणि ट्यूबच्या गळ्यातल्या योकला (झोत वळवणाऱ्या गुंडाळीला) झटके बसतात. फेराइटचा गाभा त्या झटक्यांनी सूक्ष्म आखडतो-प्रसरतो, गुंडाळ्यांच्या तारा एकमेकींवर थरथरतात, आणि शीळ बाहेर पडते. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला तरी ती असायची, कारण ती स्पीकरमधून येतच नव्हती.

आज तो टीव्ही तुम्हाला गप्प वाटत असेल तर दोन शक्यता आहेत: तुमचा कान 15 किलोहर्ट्झच्या खाली उतरला, किंवा समोर चपटा पडदा आहे, ज्यात हा भागच नाही. संगणकाचे जुने व्हीजीए मॉनिटरही काचेच्या ट्यूबचेच होते, पण त्यांची ओळींची गती 31.5 किलोहर्ट्झपासून पुढे असे. ती कुणालाच ऐकू येत नसे.

जुना संच उघडून "शीळ नेमकी कुठून येते" ते बघू नका. ट्यूबवर 20 ते 25 हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकतात.

चार्जर तर 20 किलोहर्ट्झच्या वर चालतो म्हणतात. मग शीळ कशी?

पूर्ण भार असताना तो खरेच 50-100 किलोहर्ट्झवर स्विच करतो, म्हणजे तेवढ्या वेगाने वीज चालू-बंद करतो. पण फोन भरत आला किंवा काढून घेतला की एवढी वीज लागत नाही. मग कंट्रोलर थोडा वेळ झटके देतो, थोडा वेळ गप्प बसतो. या आळीपाळीची गती ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते. म्हणूनच रिकामा चार्जर वाजतो आणि फोन लावताच थांबतो.

वाजणारे भाग मुख्यतः दोन. एक ट्रान्सफॉर्मर किंवा चोक (गाभ्यावरची तारेची गुंडाळी): त्याचे वॉर्निश सुटले, गाभ्याचा डिंक सुटला की तारा हलायला लागतात. दुसरा सिरॅमिक कंडेन्सर: त्याचे द्रव्य व्होल्टेज बदलले की आकार बदलते, आणि तो सर्किटबोर्डलाच पडद्यासारखा हलवतो. लॅपटॉपमध्ये पान वर-खाली सरकवताना जी किरकिर येते ती बहुधा या दोहोंतली.

शीळ असणे म्हणजे बिघाड असणे नव्हे. मात्र जो अॅडॉप्टर आधी शांत होता आणि आता वाजतो, सोबत जास्त तापतो, किंवा त्याच्यावरचा दिवा मिणमिणतो, त्यातला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकत आल्याची शक्यता असते. तो बदला. उघडून डिंक ओतण्याचा उद्योग नको: 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मुख्य कंडेन्सरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठलेले असते.

तरुणांना पळवणारे "मॉस्किटो" यंत्र खरे आहे का?

खरे आहे. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी ते 2005 मध्ये आणले. दुकानांबाहेर रेंगाळणाऱ्या पोरांना 17.4 किलोहर्ट्झच्या आसपासचा स्वर ऐकवून हुसकावायचे, मोठ्यांना पत्ताच लागू द्यायचा नाही, अशी कल्पना. 2006 मध्ये त्याला इग नोबेल (नोबेलचे विडंबन करणारे गमतीदार पारितोषिक) मिळाले. त्याच सुमारास मुलांनी डाव उलटवला आणि तोच स्वर फोनची रिंगटोन म्हणून वर्गात वापरला. शिक्षकांना ती ऐकू येत नव्हती. तान्ह्या बाळांनाही हा आवाज ऐकू येतो आणि त्यांना तिथून उठून जाता येत नाही, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे.

नाव मात्र फसवे. खऱ्या डासाची गुणगुण 400-600 हर्ट्झच्या आसपास असते. ती म्हातारपणीही ऐकू येते, दुर्दैवाने.

वयाचा हा परिणाम काही नव्याने लक्षात आलेला नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1870 च्या दशकात पट्टी बदलता येणारी एक चिमुकली शिटी बनवली होती. वाढत्या वयाबरोबर उंच स्वर हरवतात आणि ज्याचे हरवतात त्याला स्वतःला ते कळत नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले.

घरच्या घरी मजल कशी तपासावी?

व्हिडिओ लावून तपासू नका, हे पहिले. ऑनलाइन व्हिडिओचा आवाज दाबून साठवलेला असतो आणि 16 किलोहर्ट्झच्या पुढचा भाग बहुधा छाटला जातो. 128 केबीपीएसच्या एमपी3 फाइलचेही तेच. तुम्हाला 17 ऐकू आला नाही, कारण फाइलमध्ये तो नव्हताच.

नीट करायचे तर असे करा:

1. टोन जनरेटर अॅप घ्या किंवा 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल. स्वराचा आकार साइन (गुळगुळीत, उपस्वर नसलेली लहर) असावा. चौकोनी किंवा करवती नको.
2. तारेचा हेडफोन लावा. ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबतो, आणि कॉल मोडमध्ये गेला तर 7-8 किलोहर्ट्झच्या वरचे सारे उडवतो. फोनचा स्वतःचा स्पीकर वरच्या टोकाला दुबळा असतो.
3. पंखा, एसी बंद. खोली शांत.
4. 1 किलोहर्ट्झचा स्वर लावून आवाज हलका, बोलण्याहून कमी ठेवा. यापुढे आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही.
5. 8 किलोहर्ट्झपासून एकेक किलोहर्ट्झ वर जा. हरवला की अर्ध्या-अर्ध्याने मागे या.
6. चालू-बंद दुसऱ्याने करावे, तुम्ही पाठमोरे बसावे. त्याने मधूनमधून काहीच न वाजवता विचारावे. दहापैकी किमान आठ वेळा बरोबर ओळखता येईल तीच तुमची मजल. स्वतः बटण दाबून स्वतः ऐकले तर मेंदू आशेवर ऐकतो.
7. दोन्ही कान वेगवेगळे तपासा. मजल एका कानाला 14 आणि दुसऱ्याला 13.5 निघाली तर काळजी नको. मोठी तफावत असेल तर हेडफोनची बाजू उलटी करून बघा; बऱ्याचदा दोष हेडफोनचा असतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे "ऐकू येत नाही" म्हणून आवाज वाढवत नेणे. 16 किलोहर्ट्झचा स्वर तुम्हाला ऐकू आला नाही तरी त्याची ऊर्जा कानात जातेच, शेजारी बसलेल्या मुलाला ती टोचते, आणि स्पीकर जोडले असतील तर बिचारा ट्वीटर (उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर) जळतो.

स्पीकरवर तपासताना डोके थोडे हलले तरी स्वर येतो-जातो, हेही लक्षात घ्या. 15 किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम 2.3 सेंटिमीटर असते. भिंतीवरून परतलेली लहर काही जागी मूळ लहरीला खोडते, काही जागी वाढवते. हेडफोनही कानावर जरा तिरका बसला की हाच प्रकार होतो.

वय 52, पण मला 19 किलोहर्ट्झ ऐकू आला! कान तरुण आहेत का?

अभिनंदन करण्याआधी तीन गोष्टी तपासा. स्वर सुरू होताना "टक्" ऐकू आले का? अचानक सुरू होणाऱ्या स्वरात सगळ्या वारंवारतांचा शिंतोडा असतो. तुम्ही टक् ऐकले, स्वर नाही. जनरेटरमध्ये स्वर 50 मिलिसेकंदांत हळूच चढवण्याची सोय असेल तर ती लावा. दुसरे, फाइलचा सॅम्पलिंग दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने साठवले ते) आणि यंत्राचा दर जुळत नसला आणि बदल गलथानपणे झाला तर 19 किलोहर्ट्झची सावली खाली पडते. दर 32 किलोहर्ट्झ असेल तर ती 13 वर पडेल, आणि तो तुम्हाला छान ऐकू येईल. ओळखायची खूण: 15, 16, 17 असे चढत जाताना स्वर उंच होण्याऐवजी खाली उतरायला लागला, तर ती सावली आहे. तिसरे, फार मोठ्या आवाजात स्पीकरच विकृत होऊन खालचे स्वर काढतो.

तिन्ही नसतील तर खरेच नशीबवान आहात.

कानाची तपासणी नॉर्मल आली. मग शीळ का ऐकू येत नाही?

कारण तपासणी तिथपर्यंत जातच नाही. नेहमीचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) 250 हर्ट्झ ते 8 किलोहर्ट्झ एवढाच असतो, बोलणे समजण्याशी जे निगडित आहे तेवढा. 9 ते 16 किलोहर्ट्झसाठी विस्तारित तपासणी असते, तिला वेगळे हेडफोन आणि वेगळे अंशांकन लागते. केवळ चार्जरच्या शिळेसाठी ती करून घ्यायची गरज नाही. कानाला इजा करू शकणारी औषधे सुरू असतील तेव्हा मात्र तिचा खरा उपयोग होतो, कारण नुकसान वरच्या टोकाला आधी दिसते.

थर्मामीटर वाजला हे मला कळतच नाही. हेही वयाचेच?

अंशतः. हे नुकसान 15 किलोहर्ट्झवालेच समजून सोडून देऊ नका.

या यंत्रांत पितळेच्या चकतीवर सिरॅमिक चिकटवलेला पिझो बझर असतो. चकती जितकी लहान, तितकी तिची नैसर्गिक वारंवारता चढी, आणि त्याच वारंवारतेवर ती मोठ्याने वाजते. खाली उतरवले तर आवाज मरतो. म्हणून इवल्या यंत्रांत 4 किलोहर्ट्झच्या आसपासचा स्वर सर्रास दिसतो. बऱ्याच डिजिटल घड्याळांचा गजर 4,096 हर्ट्झचा असतो, कारण घड्याळाची गती ठरवणाऱ्या 32,768 हर्ट्झच्या क्रिस्टलला आठाने भागले की तो आयता मिळतो. तरुण कान या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, त्यामुळे थोड्या विजेत काम भागते. पण गोंगाटाने ऐकण्याच्या आलेखात पहिला खड्डा पडतो तोही 4 किलोहर्ट्झपाशीच, आणि वरून वयाची उतरण त्याच जागी येऊन मिळते. जो स्वर सर्वांत जास्त लोकांना ऐकू यावा म्हणून निवडला, तोच वयस्करांना सर्वांत आधी दगा देतो.

भरीस भर म्हणजे थर्मामीटर काखेत दाबलेला असतो, मायक्रोवेव्ह दाराआड असतो, आणि उंच आवाज अडथळ्यांमागे लवकर विरतात. आणखी एक त्रास: 2-4 किलोहर्ट्झचा एकसुरी बीप कुठून येतो हे तरुणांनाही नीट ओळखता येत नाही. डोके फिरवून शोधायचा प्रयत्न फसला तर वयाला दोष देऊ नका.

उपाय साधे आहेत. आधी यंत्राच्या सेटिंगमध्ये बीपचा सूर किंवा जोर बदलता येतो का पाहा. फोनच्या गजराला "बीप" न ठेवता घंटा, ढोल असा खालच्या पट्टीचा आणि अनेक स्वरांचा आवाज निवडा. त्यातला एखादा तरी पोहोचतो. टायमर पोकळ लाकडी फळीवर किंवा पत्र्याच्या डब्यावर ठेवला तर बराच मोठा वाजतो. सुट्या बझरच्या तोंडावर कधीकधी बोर्ड धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहते; ती काढली की आवाज उघडतो. स्वतः सर्किट जुळवणाऱ्यांनी पिझो चकतीऐवजी छोटा 8 ओहमचा स्पीकर ट्रान्झिस्टरवरून चालवावा आणि 500 ते 1,000 हर्ट्झचा चौकोनी स्वर द्यावा. चौकोनी लहरीत उपस्वर भरपूर असतात, त्यामुळे ती वेगवेगळ्या कानांना चालते. थर्मामीटरपुरते बोलायचे तर घड्याळ लावून पडदा बघणे हेच उत्तम.

धुराचा अलार्म झोपेत ऐकू येईल का?

खात्री धरू नका. नेहमीचा अलार्म सुमारे 3 किलोहर्ट्झवर, 3 मीटरवर 85 डेसिबल या हिशेबाने वाजतो. जागेपणी तो प्रचंड वाटतो. पण झोप, बंद दार आणि या पट्ट्यातले नुकसान एकत्र आले की चित्र बदलते. 520 हर्ट्झची चौकोनी लहर वापरणारे अलार्म झोपलेल्या वयस्करांना, ऐकू कमी येणाऱ्यांना आणि मुलांनाही लक्षणीय चांगले जागे करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. तसा अलार्म मिळत असेल तर झोपायच्या खोलीत तोच लावा. श्रवणयंत्र रात्री काढून ठेवणाऱ्यांसाठी उशीखाली ठेवायचा थरथरणारा तुकडा आणि लखलखणारा दिवा जोडलेले संच असतात.

बॅटरी संपत आल्याची चिवचिव वेगळी: मिनिटाला एखादी, क्षणभराची. ती तर हमखास निसटते. तारीख ठरवून बॅटरी बदला.

लोक बोललेले ऐकू येते, पण शब्द कळत नाही. याचा शिळेशी संबंध आहे का?

थेट नाही, पण उतार तोच, फक्त आणखी खाली आलेला. स्वर (अ, आ, ओ) खालच्या वारंवारतांत असतात आणि आवाजाचा जोर त्यांचाच. शब्दांतला फरक व्यंजने करतात: "स"ची फुसफुस 4 ते 8 किलोहर्ट्झमध्ये, "श"ची त्याखालून सुरू होते, महाप्राणाचा श्वास क्षणभराचा आणि दुबळा. म्हणून "साठ"चे "आठ" होते, "पाठ"चे "पाट", "खाल"चे "काल". शांत खोलीत संदर्भावरून माणूस भागवून घेतो. चारजण एकदम बोलू लागले की फसतो आणि "तुम्ही पुटपुटता" म्हणतो. मोठ्याने ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजने नाही. समोर येऊन, थोडे सावकाश बोलणे जास्त उपयोगी.

मला उलट सतत शीळ ऐकू येते. यंत्राची की कानाची?

कानात बोटे घाला. शीळ कमी झाली तर बाहेरची, तशीच राहिली किंवा वाढली तर कानाची. मग घराचा मेन स्विच दोन मिनिटे बंद करा, आणि घराबाहेर लांब जाऊन ऐका. कानातली शीळ बहुधा जिथे ऐकू येणे कमी झाले आहे त्याच पट्ट्यात जाणवते. मेंदू हरवलेल्या संकेताची भरपाई करू पाहतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

श्रवणयंत्र लावले की शीळ परत ऐकू येईल?

नाही. बहुतेक श्रवणयंत्रे 6 ते 8 किलोहर्ट्झपर्यंत, काही 10 पर्यंत आवाज वाढवतात. जिथे आतील केसपेशीच उरल्या नाहीत तिथे कितीही वाढवला तरी विकृत खरखर मिळते. काही यंत्रांत वरचे आवाज खालच्या पट्ट्यात सरकवण्याची सोय असते. त्याने "स" पुन्हा कळू लागतो, पण वेगळ्याच आवाजात, आणि सवय व्हायला काही आठवडे जातात. बसवून देणाऱ्याला बीपबद्दल मुद्दाम सांगा. काही यंत्रे एकसुरी बीपला चुकून स्वतःची शिट्टी (यंत्राचाच आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी) समजतात आणि दाबून टाकतात.

ही उतरण थांबवता येते का?

वयाचा भाग नाही. गोंगाटाचा भाग पूर्णपणे. कामाच्या जागी 85 डेसिबलला 8 तास ही नेहमी धरली जाणारी मर्यादा. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2, आणि 100 ला फक्त 15 मिनिटे. करवत, ग्राइंडर, स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहणे हे सगळे यातच मोजायचे. फोमचे बोळे लावताना ते बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवावे आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद धरून ठेवावे. अर्धवट खोचलेला बोळा निम्मेही काम करत नाही.

जेंटामायसिन, अॅमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी प्रतिजैविके आणि कर्करोगावरचे सिसप्लॅटिन वरच्या वारंवारतांपासून कान खाऊ शकतात. ती जीव वाचवणारी औषधे आहेत, स्वतःहून बंद करायची नाहीत. ऐकण्यात फरक पडतोय हे डॉक्टरांना लगेच सांगायचे. कानात तेल, "फ्रिक्वेन्सी थेरपी"चे व्हिडिओ, श्रवणशक्ती परत आणणाऱ्या गोळ्या: पैसे वाचवा.

उंदीर पळवणारे अल्ट्रासॉनिक यंत्र लावले आहे. आम्हाला तर काही ऐकू येत नाही, मग चालेल ना?

तुम्हाला ऐकू येत नाही हे कसलेच प्रमाण नाही. यातली कित्येक यंत्रे 20 किलोहर्ट्झच्या खालीही आवाज सोडतात, आणि मुलांना डोके दुखण्याइतका त्रास होऊ शकतो. कुत्र्याची मजल सुमारे 45 किलोहर्ट्झपर्यंत, मांजराची 60 च्या पुढे. घरातले मूल किंवा जनावर एका ठराविक कोपऱ्याला टाळत असेल तर प्लग काढून आठवडाभर बघा. उंदरांना आवाजाची सवय होते, तेव्हा गमावण्यासारखे फारसे नाही.

मी ध्वनिमुद्रण करतो. वय 55. काय सांभाळू?

कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. पिक्चर ट्यूबच्या काळातल्या बऱ्याच मुद्रणांत 15,625 किंवा 15,734 हर्ट्झची रेघ राहून गेली आहे, कारण ती ज्याने टिपली त्यालाच ऐकू येत नव्हती. स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारता दाखवणारा आलेख) उघडलात तर ती सरळ आडवी दिसते. अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता कापणारी गाळणी) तिथेच लावा, आजूबाजूचे काही बिघडत नाही. 10 किलोहर्ट्झच्या वर "जरा चमक हवी" म्हणून वाढवताना मोजून वाढवा, आणि पाठवण्याआधी विशीतल्या कुणाला तरी ऐकवा.

डॉक्टरकडे कधी जावे?

चार्जरची, टीव्हीची शीळ गेली म्हणून नाही. रातकिडे (बहुतेकांची किरकिर 4-5 किलोहर्ट्झच्या आसपास), बीप, दाराची घंटा यांतले काही हरवायला लागले, किंवा टीव्हीचा आवाज घरच्यांना असह्य होऊ लागला, तर सवडीने तपासणी करा. कान दुखणे, वाहणे, चक्कर किंवा फक्त एकाच बाजूचे नुकसान असेल तर लवकर जा. मळाची शंका असेल तर कापसाची काडी घालू नका. ती मळ आणखी आत ठोसते.

आणि एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम गेले तर तो वयाचा प्रकार नव्हे, तातडीचा आजार आहे. त्यावर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितका लवकर तितका, उपयोगी पडतो. सर्दीने कान बंद झाला असेल म्हणून वाट बघण्यात तेच दिवस निघून जातात. डॉक्टर भेटेपर्यंत घरी एक पाहता येते: कुठलासा सूर गुणगुणा. बंद कानाच्या बाजूने तो मोठा वाटला तर अडथळा बहुधा मळाचा किंवा सर्दीचा. चांगल्या कानाकडे सरकला तर आतला कान किंवा नस. ही केवळ चाहूल आहे. काहीही निघाले तरी त्याच दिवशी दाखवायचे.